ध्रुवावरच्या दगडाला हळद

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, आईपुढं नाही, आणि जिच्यापुढं निघायला हवं होतं तिच्यापुढं तर कधीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगायला जरा सोपं जातंय — की ओळख नसली म्हणजे तुम्ही माझ्याकडं बघून तोंड फिरवणार नाही, एवढाच हिशेब आहे? असेल तसंही.

गोष्ट एका दगडाची आहे. सुपारीहून थोडा मोठा, बाहेरून काळा, आतून राखाडी. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर सापडलेला. आकाशातून पडलेल्या दगडाला आपल्याकडं अशनी म्हणतात, आणि असे दगड शोधायला ध्रुवाकडचं बर्फ फार सोयीचं — तिथं जमीनच दिसत नाही, त्यामुळं बर्फावर काही काळं दिसलं की ते बहुधा वरूनच आलेलं असतं. हे मी वर्गात दरवर्षी सांगते. आदिलाबादच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते. सांगताना पोरं पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून ऐकतात. ते बर्फ मी पाहिलेलं नाही, हे मात्र त्यांना सांगत नाही.

पाहिलं ते रुख्मानं.

रुख्मा माझी मैत्रीण. जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या अंगाला तिचं गाव आहे. घरची शेती, कापूस नि ज्वारी. इंटरला, म्हणजे अकरावीला, ती आदिलाबादला आली, सरकारी होस्टेलात राहायची, आणि रविवारी आमच्याकडं जेवायला. माझे वडील तहसिलीत गिरदावर होते, म्हणजे महसुलाचे तपासनीस. आमच्या घरी पुस्तकं होती, टेबल होतं, टेबलाला दिवा होता. ती माझ्या शेजारी बसून माझ्याच पुस्तकांतून शिकली. आमच्या गावाला थंडी कडक पडते, तिच्याकडं धड काही नव्हतं, म्हणून माझं जुनं निळं स्वेटर आईनं तिला दिलं. दगडांचं वेडही मीच तिला लावलं. माझ्याकडं एक भिंग होतं, त्यातून मी तिला नदीतले गोटे दाखवले. — पाहा, सुरुवातीलाच मी काय काय दिलं त्याची यादी वाचतेय. हीच माझी खोड आहे. कोणाला काही दिलं की मी ते विसरत नाही.

पुढं ती हैदराबादला एका संशोधन संस्थेत लागली, करारावर. मी आधी मंचेरियलला कोळशाच्या खाणीच्या प्रयोगशाळेत होते. तिथं दगडाचे नि कोळशाचे पातळ काप घासून घासून माझा हात बसला. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि घासत न्यायची, इतकी की तिच्यातून उजेड आरपार गेला पाहिजे. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की दगडाच्या पोटातलं सगळं दिसतं. हे काम यंत्रावर होतं, पण शेवटचा हात माणसाचाच लागतो. माझ्या कापांना नाव होतं. लग्नानंतर आदिलाबादला परत आले, कॉलेजात लागले, आणि नाव राहिलं तिथंच.

ध्रुवावरच्या मोहिमेसाठी आम्ही दोघींनी अर्ज केला होता. दरखास्त, असं बाबा म्हणायचे. तिला बोलावणं आलं. मला आलं नाही.

मी सगळ्यांना सांगितलं की आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं मी अर्जच केला नव्हता. रुख्माला खरं माहीत होतं, कारण दोघींचे कागद आम्ही एकाच पोस्टात, एकाच सकाळी टाकले होते. तिनं आजवर कोणापुढं ते काढलं नाही. माझी लहानशी थाप तिनं सांभाळली. हे लक्षात ठेवा, कारण मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केलाय.

ती गेली, महिनोन् महिने राहिली, आणि दगड घेऊन परतली. आमच्या गावात सत्कार झाला. पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणालं की काळ्या रानात पांढरा कापूस वेचणाऱ्या पोरीनं पांढऱ्या रानात काळा दगड वेचला. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होते, मीही वाजवल्या — आणि मनात काय आलं असेल? की हे वाक्य मला का सुचलं नाही. स्वागताचं भाषण माझ्याकडंच होतं ना. "तुमीच त घडवलं तिले, मॅडम," असं म्हणून ते माझ्या गळ्यात मारलं होतं. मी घडवलं, आणि शाल तिच्या खांद्यावर.

तिनं उत्तराच्या भाषणात माझं नाव घेतलं. निळ्या स्वेटरचं सांगितलं. ते आता अंगात जात नाही, पण तिकडं तंबूत उशीखाली घेऊन झोपत होते, म्हणाली. लोकांनी माझ्याकडं वळून पाहिलं, बायकांचे डोळे पाणावले. मी हसले. मला तेव्हा ते स्वेटर परत मागावंसं वाटत होतं. मत्सर हा शब्द फार पुस्तकी आहे. आमच्याकडं पोटात दुखतं म्हणतात, आणि माझ्या खरंच दुखत होतं, बरगडीच्या खाली, जेवण जायचं नाही. माझं स्वेटर गेलं आणि मी नाही गेले — असलं कोणाला बोलून दाखवता येतं का?

असो. दगडाकडं येते.

अशा दगडाचं वर्णन करायचं, त्याची जात ठरवायची, याची एक रीत असते. बहुतेक दगडी अशनींच्या पोटात बारीक गोल दाणे असतात, मोहरीएवढे किंवा त्याहून लहान. त्या दाण्यांच्या कडा किती ठसठशीत आहेत त्यावरून कळतं की दगड कधीकाळी किती तापला होता. धातूचे कण किती, लोह किती, त्यावरून गट ठरतो. गंज किती चढलाय त्यावरून कळतं की बर्फात कसा राहिला. या सगळ्यातून बहुतेक दगड एकाच नावाला येतात — साधारण. शास्त्रातलंच नाव आहे ते, साधारण दगडी अशनी. ध्रुवावरून आजवर असे पोत्यांनी आलेत.

रुख्माचा दगडही साधारणच होता. पण त्याच्या एका कोपऱ्यात, तुटलेल्या बाजूला, एक काळा ठिपका होता. तांदळाच्या दाण्याएवढा. तिचं म्हणणं असं, की हा ठिपका या दगडाचा नाहीच. दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या, कार्बन असलेल्या दगडाचा कण यात येऊन अडकलाय. तसं असेल तर मग तो दगड पोत्यातला राहत नाही. त्या कणात काय काय आहे ते तपासायला माणसं रांग लावतात. आणि तो शोधणारी करारावर राहत नाही, पुढच्या मोहिमेत तिचं नाव पहिलं असतं. सगळं त्या तांदळाच्या दाण्यावर होतं. संस्थेनं तेवढा कोपरा कापून तिला दिला. बाकीचा दगड जपून ठेवायचा, त्याला पुन्हा करवत लावायची नाही, असं ठरलं.

तो कोपरा घेऊन ती माझ्याकडं निघाली. संस्थेत काप करणारा जुना माणूस निवृत्त झाला होता, नवा घाईत घासतो, म्हणून तिनं रीतसर परवानगी काढली होती. फोनवर म्हणाली, "तुह्याच हातचा काप पाह्यजे मले, नंदा. दुसऱ्या कोणाचा भरोसा नाही." मी हो म्हटलं. माझा हात तिला हवा होता. मी नाही, हात.

ती सकाळच्या गाडीनं उतरली. तिच्या आईनं आधी घरी यायला सांगितलं होतं, मोहिमेवरून परतल्यावर ती अजून घरी गेलीच नव्हती, सत्काराला आली तीही त्याच रात्री परतली होती. म्हणून मी तिला स्कुटीवर बसवून गावी नेलं. कोपरा एका घट्ट झाकणाच्या डब्यात होता, डब्यात ओल शोषणारे खडे, आत चिमटीनं बंद होणारी पिशवी, पिशवीत तो. हात लावायचा नाही, ओलावा लागू द्यायचा नाही. ओल लागली की त्यातला धातू गंजतो, आणि माणसाच्या हाताचं तेल, घाम, काहीही लागलं की कार्बनचा हिशेबच बिघडतो. वाटभर तिनं डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. खड्डा आला की माझ्या पाठीवर तो डबा लागायचा.

घरी तिच्या आईनं — मी तिला मावशी म्हणते — पिठलं, भाकर, ठेचा केला होता. आम्ही जेवलो. रुख्मा भुकेली होती, पिठल्यात भाकर कुस्करून बोटं चाटून जेवली. मग हात साबणानं दोनदोनदा धुऊन तिनं डबा उघडला आणि पिशवीतूनच आईला तो तुकडा दाखवला. मावशीनं लांबूनच हात जोडले. "यवढासाच?" म्हणाली. मग संस्थेतून कोणाचा तरी फोन आला. घरात रेंज नव्हती. रुख्मानं डबा बंद केला, देवाच्या फळीवर ठेवला, कारण घरात मांजर होतं आणि तेवढी एक फळी उंच होती. आणि ती मागच्या रानाकडं बोलायला गेली.

तेव्हा घरात मी आणि मावशी, दोघीच.

आता इथून पुढं मी अनेकदा माझ्याशीच वेगवेगळं बोलले आहे. वर्षानुवर्षं माझी गोष्ट अशी होती — की मावशीनं त्या दगडाची पूजा केली, आणि मला कळेपर्यंत होऊन गेलं. अडाणी बाई, काय सांगणार. ही गोष्ट मला बरी पडायची.

तसं झालं नाही.

मावशीनं मला विचारलं. मला ती पहिल्यापासून अहो-जाहो करते, गिरदावरांची पोरगी म्हणून. नव्या तिफणीला, नव्या बैलाला, नव्या कुऱ्हाडीला ती हळदीचं पाणी लावते. घरात आलेलं नवं तसंच ठेवत नाही. पण हे शिकलेल्यांचं काम आहे, आपल्याला कळत नाही, एवढं तिला कळत होतं. म्हणून तिनं विचारलं.

"नंदाबाई, वरून आलेला पाहुणा हाय. हळदीचं बोट लावलं त चालते काय? का काही बिघडते?"

का काही बिघडते. अगदी हेच शब्द. आणि जगात जेवढी माणसं त्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकली असती, त्यांतली एक तिच्यासमोर बसली होती.

मी म्हटलं, "चालते, मावशी."

आता वाटलं ना तुम्हाला, झालं, हीच कबुली? मलाही बरेच दिवस असंच वाटायचं. एक शब्द तोंडातून गेला, जेवणानंतरची सुस्ती, वेळेवर सुचलं नाही. पण थांबा, अजून आहे.

मावशीला त्या पिशवीची चिमटी उघडता येईना. बोटं कापूस वेचून जाड झालेली. ती पिशवी उघडली मी. फळीवरून डबा काढला तोही मीच. मावशीनं वाटीत पाणी घेतलं, हळद घातली, आणि मग कुंकवाच्या करंड्याकडं हात नेला. मी म्हटलं, "कुंकू नको, मावशी. डाग दिसंल."

डाग दिसंल.

हे वाक्य ज्या बाईला सुचतं, तिला वेळेवर सुचलं नाही असं म्हणता येईल का? मला सगळं सुचत होतं. लाल दिसतो, पिवळा पुसला की राखाडी दगडावर ओळखू येत नाही. मावशीनं हळदीच्या पाण्यात बोट बुडवून तुकड्याला लावलं, थेंबभर वरून सोडलं, डोळे मिटून काही पुटपुटली आणि पदरानं हलकेच पुसलं. फार मायेनं पुसलं. मी पिशवी बंद केली, डबा बंद केला, फळीवर ठेवला. मग म्हटलं, "रुख्माला सांगू नका हं. ती उगाच चिडंल तुमच्यावर." मावशीनं मान हलवली. आमच्या दोघींचं एक गुपित झालं, म्हणून ती खूश होती.

रुख्मा हसत हसत आत आली. फोनवर तिला सांगितलं होतं की ठिपक्याबद्दल वरच्या लोकांना फार उत्सुकता आहे.

मला काय हवं होतं तेव्हा? तिचं वाटोळं व्हावं असं मनात होतं का? खरं सांगते, एवढंच होतं — की एकदा तरी तिच्या हातून काही बिघडावं. सगळं तिचंच का चांगलं व्हावं. एकदा तिलाही कोणापुढं खाली मान घालून उभं राहावं लागावं, जसं मला पोस्टमनसमोर दाराशी उभं राहावं लागलं होतं, रोज.

काप मी आदिलाबादला केला, आमच्या कॉलेजच्या खोलीत. असा दगड पाण्यावर घासायचा नसतो, गंज चढतो, म्हणून स्पिरिटवर घासतात. मी फार मन लावून घासला. तो माझा आजवरचा सर्वांत चांगला काप आहे. आणि घासताना स्पिरिट किंचित पिवळं झालं. हळद पाण्यात फारशी विरघळत नाही, स्पिरिटमध्ये चांगली विरघळते. ती वर होती तोवर वरच होती. माझ्या स्पिरिटनं ती भेगाभेगांत नेली. पिवळं दिसलं तेव्हा थांबता आलं असतं. फोन करता आला असता. रुख्मा माझ्याच घरी, शेजारच्या गल्लीत, माझ्या आईजवळ बसली होती. फोनचीही गरज नव्हती.

मी ते स्पिरिट मोरीत ओतलं आणि नवं घेतलं.

मग काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काय सांगू तुम्हाला. ते गोल दाणे, कोणी पट्ट्यापट्ट्यांचा, कोणी पंख्यासारखा उलगडलेला, आणि मध्ये तो काळा कण, कडेनं स्पष्ट वेगळा, पाहुणा म्हणून ओळखू येणारा. रुख्माचं खरं होतं. मी जन्मभर पुस्तकातल्या चित्रांवर शिकवलं, आणि ही वस्तू पहिल्यांदा माझ्या डोळ्याखाली आली ती अशी. मी रडले. पश्चात्तापानं रडले असं सांगायला मला आवडलं असतं. ती तिची आहे, माझी नाही, म्हणून रडले.

पुढचं रुख्मानं मला नंतर फोनवर सांगितलं. काप आणि उरलेला तुकडा तिनं संस्थेत तपासला. अतिनील दिव्याखाली धरला तर काळ्या कणाभोवतीच्या भेगा पिवळ्या-हिरव्या चमकल्या. तिला वाटलं, कणातलंच काही आहे. आजवर कोणी न पाहिलेलं काही. दोन दिवस झोपली नाही. मोठ्या बैठकीत तिनं ती चित्रं दाखवली. पण तिच्या वरिष्ठांनी तुकड्याची एक कणी आधीच दुसऱ्या प्रयोगशाळेत धाडली होती, आणि तिकडचं उत्तर त्याच बैठकीत वाचलं गेलं. हळद. आपल्या स्वयंपाकघरातली.

कोणीतरी मागून हिंदीत म्हणालं की मॅडम, खाने के बाद हाथ धोया करो. सगळे हसले.

"हसले गं सगळे," ती म्हणाली आणि स्वतःही हसली. मी "अगंबाई" म्हटलं. आणखी काय म्हटलं ते आठवत नाही, पण आवाज बरोबर काळजीचा लागला होता.

मग एकेक होत गेलं. काळ्या कणाबद्दलचं तिचं सगळं वर्णनातून काढून टाकलं, कारण हळद लागलेल्या कणाचा कोण भरवसा धरणार. दगडाची नोंद साधारण म्हणून झाली. नमुने हाताळायच्या कामातून तिला बाजूला केलं. पुढच्या मोहिमेत तिचं नाव नव्हतं. करार संपला तो पुन्हा झाला नाही. आता ती हैदराबादला एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि म्हणते, बरं चाललंय. माझ्यासारखीच शिकवते. माझ्याच बरोबरीला आली.

तुम्ही विचाराल, मग समाधान झालं का? झालं. लपवत नाही. तिचा तो फोन आला त्या संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. बरगडीखालचं दुखणं थांबलं होतं. नवरा म्हणालासुद्धा, आज भूक चांगली लागलेली दिसते.

हळद कुठून आली, याचं उत्तर रुख्मानं स्वतःच शोधलं. ती मला म्हणाली, "माह्याच हाताची व्हय, नंदा. घरी पिठलं खाल्लं न मी. धुतले हात, पण नखात राह्यली असंल." मला वाटलं, आता सांगावं. खोटं नाही बोलत — वाटलं. तोंड उघडलंही. आणि म्हटलं, "होतं असं कधी कधी."

तेव्हापासून ती नखं अगदी मुळापर्यंत कापते. काही वेळा रक्त येईपर्यंत. आणि हातानं जेवत नाही.

परवा, मागच्या महिन्यात, ती गावी आली होती. मावशीनं मलाही बोलावलं. आता मावशी थकली आहे, दिसतं कमी. मी गेले की ती कधीतरी मला बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारते, "थो गोटा चांगला निघाला न, नंदाबाई?" आणि मी म्हणते, चांगला निघाला. ती खूश होते. आपल्या हळदीचा गुण आला असं तिला वाटतं. लेकीची नोकरी गेली ती सरकारी लोकांच्या राजकारणानं, असं तिला मीच सांगितलं आहे. दोघींनी एकदा समोरासमोर बसून हा विषय काढला की सगळं उघडं पडेल. पण दोघी तो काढत नाहीत. एकीला मी गप्प बसवलंय, दुसरीला लाज गप्प बसवते.

तिघी जेवायला बसलो. मावशीनं पिठलं केलं होतं, लेकीला आवडतं म्हणून. ताज्या भाकरी. रुख्मानं भाकर बाजूला सारली, थोडा भात घेतला, आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेला चमचा काढला. मावशीला चमचा नीट दिसला नसावा, पण ताटावर वाजलेला ऐकू आला. तिचा चेहरा उतरला. भाकर थापताना तिचा हात आता थरथरतो, तरी थापली होती.

"पाहा न, नंदाबाई," ती मला म्हणाली, "शहराची झाली आता. मायच्या हातचं हातानं खाईना. काऊन गं रुख्मे, आमी का घाण आहोत?"

रुख्मानं मान खाली घातली. "तसं नाही, आई," एवढंच म्हणाली. कारण सांगायचं तर हळदीचं सांगावं लागलं असतं, आणि आपल्याच घरच्या जेवणानं आपलं काम बुडालं हे ती आईला कसं सांगणार? आईला वाईट वाटू नये म्हणून ती आईला वाईट वाटू देत होती. मावशीनं पदर डोळ्याला लावला. तोच पदर नसेल, पण मला तो तोच दिसला.

माझं एक वाक्य, आणि ती लेक तिथल्या तिथं चमचा टाकून भाकर कुस्करायला लागली असती. दोघीही माझ्याकडंच बघत होत्या — तिथं तिसरं कोणी नव्हतंच बघायला.

मी भाकर मोडली. पिठलं घेतलं, हातानं, बोटं चाटत जेवले. "झकास झालंय, मावशी," म्हटलं, आणि अजून वाढून मागितलं.